आधी चाकं मोजायची

त्या फोटोवर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले आणि दोघांनीही सोडले नाहीत.

हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथली ही गोष्ट. पाऊस भुरभुरत होता, पुस्तकांवर प्लास्टिक ओढलेलं होतं, आणि एका कोपऱ्यात जुन्या फोटोंचा ढीग होता. मला फोटोतला माणूस हवा होता, त्याला त्या माणसामागची चिलखती गाडी. आमची ओढाताण बघून विकणारा चाचा शांतपणे म्हणाला, "आधा-आधा फाड के देऊं क्या?"

मी चारुलता. गौलीगुड्यात तारामती आत्याबरोबर राहते आणि जामबागेतल्या एका दुकानात जुने फोटो कॉम्प्युटरवर साफ करून देते. तो तेजस. पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या फोटोंमधले रशियन रणगाडे ओळखत बसणारा. असल्या छंदाच्या माणसाला मुलगी कोण देणार, असं माझ्या मनात आलं. मग त्याने ओले केस मागे सारले, आणि मी तो विचार अर्ध्यावरच सोडला.

फोटोतला माणूस हेमंत होता. आत्याच्या कपाटात त्याचा एक फोटो आहे. डावी भुवई मधोमध तुटलेली. ती भुवई मी लहानपणापासून बघत आले, चुकणं शक्यच नव्हतं. आत्याचं त्याच्याशी ठरलं होतं. तो फौजेत होता, आणि एकाहत्तरच्या लढाईनंतर परत आला नाही. नुसतंच ठरलेलं, त्यामुळे सरकारी तार काही आत्याला येणार नव्हती. हेमंतचा थोरला भाऊ घरी आला, मान खाली घालून 'हेमंत गेला' एवढंच म्हणाला, आणि महिन्याभरात ते कुटुंब हैदराबाद सोडून गेलं. आत्याने लग्न केलं नाही. दर सर्वपित्री अमावास्येला ती आमच्या पितरांसोबत एक पान त्याचंही वाढते. खीर, वडे, भात. गच्चीवर नेऊन ठेवते आणि कावळा शिवेपर्यंत तिथेच उभी राहते. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, घरात कुणी तिला अडवलं नाही.

हे सगळं मी तेजसला तिथेच, त्या गळक्या प्लास्टिकखाली, सांगून टाकलं. का ते विचारू नका. त्याने फोटो खूप वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"पीटी-७६," तो म्हणाला. "हलका रणगाडा. पाण्यातूनही चालतो. एकाहत्तरच्या लढाईत आपल्याकडे होता." आणि फोटो माझ्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा. त्यांचा शेवटचा फोटो असेल हा."

घरी आत्याने फोटो पदराने पुसला, चष्मा लावला, काढला, परत लावला. लढाईच्या वेळचा आहे हे कळल्यावर म्हणाली, हसतोय म्हणजे मजेत होता शेवटपर्यंत. मग फोटो ओळखून देणाऱ्याला जेवायला बोलव म्हणाली.

तो आला, आणि मग रविवारी येतच राहिला. आत्या त्याला अंबाड्याची भाजी वाढायची, 'तुमच्या पुण्यात मिळत नसेल' म्हणून. जेवण झालं की तो लॅपटॉपवर फोटो लावायचा आणि मला शिकवायचा. बुरूज दिसतो, तोफ दिसते, पण फसवतं तेच. त्यावर ताडपत्री असते, माणसं चढलेली असतात. चाकं खोटं बोलत नाहीत.

"आधी चाकं मोजायची," तो म्हणायचा. "मग चाकांमधली जागा बघायची. मग चाकांच्या वर, त्यांच्यावरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्याला आधार द्यायला छोट्या कप्प्या आहेत का ते. नाव अगदी शेवटी घ्यायचं."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं..." तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "माणसाचं आधी घेतलं तरी चालतं, चारू."

'चारुलताजी'वरून थेट चारू. मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने उठले, आणि आत्या स्वयंपाकघरात विनाकारण खोकली. त्या रात्री मी आरशात स्वतःला जरा जास्तच वेळ बघितलं. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

भाद्रपद संपत आला तशी आत्या म्हणाली, फोटो मोठा करून दे, यंदा पानाजवळ ठेवीन. मी दुकानात तो स्कॅन केला. डाग काढले, चिरा बुजवल्या, मग गाडीखालची सावली उजळवली. सावलीतून चाकं वर आली. सवयीने मोजली. सहा. बरोबर, पीटी-७६ ला सहाच असतात. आणि चाकांच्या वर... छोट्या कप्प्या. तीन.

पीटी-७६ ला त्या नसतात. त्या असतात बीएमपीला, सैनिक वाहून नेणाऱ्या गाडीला. आणि बीएमपी आपल्याकडे आली लढाईनंतर पाच-सहा वर्षांनी. हेही त्यानेच शिकवलेलं. मी परत मोजल्या. तीनच.

संध्याकाळी पुतळीबावडीच्या बस स्टॉपवर मी तो मोठा केलेला फोटो त्याच्यापुढे धरला. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ भरून राहिलेलं. मला वाटलं, म्हणेल की चुकलो.

"सावलीतही पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या," तो म्हणाला. "तू सगळं सांगितलंस, आणि तुझ्याकडे बघून... मला सांगवेना."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. सगळं इथे लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाले की परवा अमावास्या आहे, जिवंत माणसाचं पान वाढणं म्हणजे काय हे तुला पुण्यातही शिकवलं असेल, तेव्हा पान गच्चीवर जायच्या आत यायचं आणि तूच सांगायचं.

तो आला. आत्या सोवळ्यात होती, पानं मांडलेली, खीर झाकून ठेवलेली. त्याने खाली बसून, एकही शब्द गोड न करता, सांगितलं. आत्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे लढाईनंतर निदान पाच वर्षं तरी होता," ती म्हणाली.

"हो."

"आत्ता आहे?"

"ते फोटोवरून नाही सांगता येत, आत्या."

"हौ, ते कसं कळणार." तिने एक वडा उगीचच सरळ केला. "तुला पहिल्या दिवशीच माहीत होतं म्हणतोस. मग बोलला का नाहीस?"

"हिचं तोंड बघून."

आत्याने खिरीवरचं झाकण नीट बसवलं.

"त्याच्या भावानेही माझं तोंडच बघितलं असेल," ती म्हणाली. "हेमंतला लग्न करायचं नाही, हे त्याच्या तोंडून निघालं नसेल. दया आली असेल बिचाऱ्याला. त्या दयेत माझा जन्म गेला बघ."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिने हेमंतचं पान उचललं, मग कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून उभी राहिली. मेलेल्यांत वाढता येत नव्हतं, आणि जिवंत म्हणून बोलावणार तरी कुठून... मी ते तिच्या हातातून घेतलं. बाकीची पानं घेऊन ती एकटीच गच्चीवर गेली.

तेजस जिना उतरायला लागला. मधल्या वळणावर मी त्याला गाठलं. तिथे कायम अंधार असतो आणि भिंतीला ओल.

"चारू, मला तू..."

"थांब," मी म्हणाले. "हेही माझं तोंड बघूनच बोलणार ना? मग मी खरं कसं मानू?"

तो थांबला. मग वळला आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"एक तारखेला माझी पुण्याला बदली आहे," तो भिंतीला म्हणाला. "महिना झाला कळून. सांगितलं नाही. परत येणं होईल की नाही माहीत नाही. आत्यांचं जे केलं ते भरून देता येणार नाही, तेही माहीत आहे. आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे."

इतक्या वाईट क्रमाने कुणी प्रेम सांगितलं नसेल. मला रडू आलं. त्यातला शब्दन् शब्द मला खरा वाटला, आणि म्हणूनच जास्त रडू आलं.

"वळ," मी म्हणाले.

तो वळला. मी डोळे पुसले नाहीत. बघायचं तर हेही बघू दे.

"मी तुझ्यावर चिडलेय, आणि पुष्कळ दिवस चिडलेली राहीन," मी म्हणाले. "पुण्याहून रोज फोन कर."