दुपट्याचा कोपरा

खोटंच सांगायचं असतं, तर भुताला पांढरी साडी नेसवून मध्यरात्री उभं केलं असतं. हे घडलं भर दुपारी अडीचला, माझ्या मावसबहिणीच्या शिवणाच्या खोलीत.

ती लोकांचे कपडे शिवते. उरलेलं कापड शिवणाऱ्याचं, हा तिचा नियम.

एक बाई बाळाचं दुपटं घेऊन आली.

"बाळ गेलं. याची उशीची खोळ करा. तुकडासुद्धा ठेवून घेऊ नका."

खोळ झाली. एक कोपरा उरला, चोखून चोखून विटलेला. सवयीने तो चिंध्यांच्या पिशवीत गेला.

तिथून तो पिटुकलीने उचलला. पिटुकली म्हणजे बहिणीची लेक, तीन वर्षांची. अखंड अंगठा तोंडात. सासूबाई टोचायच्या, "आईने मशीनशी लग्न लावलंय, पोर अंगठा चोखेल नाहीतर काय!"

कोपरा मुठीत आला आणि अंगठा सुटला. बहिणीने मग तो काढून घेतलाच नाही.

बाई खोळ न्यायला आली. उलटून पालटून पाहिली.

"कोपरा कुठाय?"

"कापड आटलं हो, ताई."

"तो तोंडात असल्याशिवाय झोपायचा नाही माझा. शोधत येईल."

बहीण चरकली. कोपरा धुतला, उन्हात खडखडीत वाळवला, मशीनच्या खणात ठेवला.

दुपारी अडीच. पिटुकली झोपलेली. मशीन बंद.

आणि...

चुप. चुप. चुप.

तिने लेकीकडे पाहिलं. ओठ मिटलेले.

आवाज खणातून येत होता.

खण उघडला... आवाज थांबला.

कोपरा ओलाचिंब. कोमट.

ती तशीच धावली. बाईच्या हातात कोपरा कोंबला. "चुकलं माझं. घ्या तुमचं."

"आता काय उपयोग? त्याला तुमचं घर सापडलं." दार धाडकन बंद.

घरी आली, तर सासूबाई दारातच. "सुरू झालं परत! बघ, अंगठा कसा सुरकुतलाय."

पिटुकली रडकुंडीला आली. "मी नाही गं, आई. तो चोखतो."

तेव्हापासून रोज दुपारी बहीण मशीन बंद ठेवते. लेकीच्या दोन्ही मुठी हातात धरून बसते. तरी अंगठा ओला होतो.

परवा तिचा फोन आला. "ताई, अंगठ्यावर दातांच्या खुणा आहेत. दोनच."

"पिटुकलीचेच दात असतील गं."

"तिचे सगळे आलेत, ताई."



आज परत फोन आला.

आता चार आहेत.