हुंकारा

आजकालच्या पोरांना दोन गोष्टींचा भारी माज. एक गाडीचा, दुसरा जागरणाचा. माझा भाचा सत्यम त्यातलाच. रात्रपाळी उरकून सकाळी सातला आमच्या गावी, आंबीत आला आणि माझ्या पोटुशा लेकीला, कोमलला, लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायला तसाच गाडीत बसला.

"डोळा लागला तर?" मी विचारलं.

"मामा, मला झोप येतच न्हाई."

दीडशहाणा! झोप काय याला विचारून येते? पण माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरं चालवणारं कोणी नव्हतं. कोमल मागे बसली, मी सत्यमशेजारी. आम्हा जुन्या ट्रकवाल्यांची एक रीत आहे. शेजारच्यानं गोष्ट सांगायची, चालवणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की समजायचं, गडी झोपला.

मी एका ट्रक ड्रायव्हरची गोष्ट लावली. एकवीस वर्षांचा, असाच माजोरडा. क्लीनर अंबाजी हात जोडून म्हणत होता, "घटकाभर पडू या." पण ऐकेल तर शपथ.

"हूं."

कामशेत मागे पडलं. बाहेर धुकं होतं. गाडीत सडक्या कांद्याचा वास यायला लागला. कुठून, ते कळेना.

"हूं..."

कार्ला फाट्याजवळ गाडी दुभाजकाकडे सरकू लागली. मी वळून पाहिलं. सत्यमचे डोळे मिटलेले, तोंडातून लाळ गळत होती.

"हूं..."

त्याचे ओठ हलले नव्हते.

मी स्टीअरिंग ओढलं. कोमल किंचाळली. गाडी कडेच्या खडीत घासत थांबली. कोमल पोट धरून रडत होती, पण धड होती. मी त्या नालायकाच्या कानाखाली वाजवली.

"झोपलो न्हवतो, मामा! समदी गोष्ट ऐकली."

"मग सांग, पुढं काय झालं?"

"ट्रक झाडावर गेला. अंबाजी कांद्याच्या पोत्यांखाली दबला. पाणी मागत व्हता... डायवर पळून गेला."

तिथवर मी गोष्ट नेलीच नव्हती. त्या वेळी पोलिसांना मी सांगितलं होतं, ट्रक अंबाजीच चालवत होता. मेलेला माणूस काय बोलणार! आणि इतकी वर्षं मी पोरांपुढे नाकानं कांदे सोलत आलो. मला माझीच किळस आली.

"हे... कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की." सत्यम गाल चोळत म्हणाला. "फकस्त आवाज मागनं येत व्हता."

मी मागे पाहिलं. एवढ्या मोठ्या सीटवर कोमल एकटीच होती. पण ती अंग चोरून पार दाराला चिकटली होती, शेजारच्याला जागा करून दिल्यासारखी.