इसमबाबांचा बुधला

रविवारी चर्चहून आलं की आमच्या ओसरीवर वाद्यं जुळायची. जुळायची म्हणजे काय, लोंझोकाका पत्र्याचं टप पालथं घालायचे, त्याच्या मधोमध बांधलेली दोरी झाडूच्या दांड्याला ताणायचे आणि टपाच्या काठावर पाय ठेवून "झाला आमचा सूर" म्हणायचे. व्हर्डेलमावशी कपडे घासायची फळी गळ्यात अडकवून बोटांत शिवणकामाची धातूची अंगुस्ताने चढवायची. माझा नवरा टॅलमेज लाकडाच्या गिरणीतला भुसा झटकत माउथ ऑर्गन काढायचा. आणि माझे सासरे, इसमबाबा, काकवीच्या रिकाम्या मातीच्या बुधल्यात फुंकायचे. सगळ्या मेम्फिसमध्ये तसा खर्ज कुणाचा नव्हता.

बाबा मे महिन्यात गेले. चर्चच्या वनभोजनात, गाण्याच्या ऐन मध्यावर. बुधला ओठांशीच होता. त्यांनी श्वास बुधल्यात फुंकला आणि पुढचा घेतलाच नाही. खालच्या ओठात धरायची तपकीर त्यांना जिवापेक्षा प्यारी, म्हणून टॅलमेजने तिची डबी त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवली आणि मग शवपेटी बंद केली.

बुधला मात्र आमच्या ओसरीवर, त्यांच्या खुर्चीत राहिला.

"याला बूच लावायचं नाही हं, मास्तरीणबाई," व्हर्डेलमावशी म्हणाली. लग्नाआधी मी शाळेत शिकवायचे, ते ती मला विसरू द्यायची नाही. "माणसाचा शेवटचा श्वास असतो आत. पहिलं हिव पडेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं. त्याचा तो निघून जातो."

"आणि नाही गेला तर?"

"इसम कधी वेळेवर निघालाय का कुठून," लोंझोकाका म्हणाले. मावशी हसली, आणि मग बराच वेळ फळीच पुसत बसली.

मला तेव्हा वेगळीच काळजी होती. आमच्या तान्ह्या नेटीला वसंतात डांग्या खोकला झाला होता. खोकला गेला, पण झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा. डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर आहे, थंडी काढली तर जगेल. मी तिच्या पाळण्यापासून हलत नसे. भाजी चिरतानाही एक हात तिच्या छातीवर.

जूनमध्ये बुधला घुमू लागला.

मंडळी वाजवायला लागली की खुर्चीतून हलका खर्ज यायचा. मी सांगितलं, बाटलीच्या तोंडावरून वारा गेला की असा आवाज होतो. कॉलेजात प्रयोग केलाय मी. पण समोरच्या पिकनच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. शिवाय वारा वाहतो तर वाहतच राहतो. हा आवाज कडवं संपलं की थांबायचा, दम घ्यायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

तो घुमत असला की नेटीचा श्वास अडखळत नसे. हे मी कुणाजवळच बोलले नाही.

ऑगस्टमध्ये बुधल्याच्या तोंडाशी एक कुंभारीण माशी घिरट्या घालू लागली. चिखलाची गोळी आणून आत घर बांधायचा तिचा बेत होता. पाळणा तिथून हातभर अंतरावर. ती नेटीला डसली असती तर? मी बुधला आत नेला, सोडा घालून गरम पाण्याने विसळला. तपकिरीचा उग्र वास एकदाचा गेला. वाळवून मी तो खुर्चीत ठेवला आणि काकवीच्या बुधल्याला लावतात तसं दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचं बुरकुंड तोंडात घट्ट बसवलं. मावशीचं बोलणं आठवलं होतं. पण हिवाला अजून अवकाश होता, आणि माशी समोर होती.

रविवारी मंडळी आली. पहिलं कडवं झालं. खुर्ची गप्प होती.

माझा हात नेटीच्या छातीवर होता. छाती खाली गेली.

वर आली नाही.

मी तिला उचललं, पाठ चोळली, पालथी धरली. ओठ निळे पडत होते. टॅलमेजच्या हातून माउथ ऑर्गन पडला.

व्हर्डेलमावशी पोरीकडे बघतच नव्हती. खुर्चीकडे बघत होती.

"कुणी लावलं ते?" तिने अगदी हळू विचारलं.

नेटीला टॅलमेजकडे देऊन मी बुरकुंड धरलं. निघेना. आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं.

"पीळ दे, पोरी," लोंझोकाका म्हणाले.

मी पिळलं. ते सुटलं.

बुधल्याने श्वास घेतला. बाहेर सोडला नाही, आत घेतला. माझी बाही त्याच्या तोंडाकडे खेचली गेली.

मग, टॅलमेजच्या खांद्यावर, नेटीने.

त्या दिवसानंतर बुधला घुमला नाही. पहिलं हिव पडलं त्या सकाळी व्हर्डेलमावशी आली. तिने तो पालथा केला, बोटाने वाजवला, कानाशी धरला.

"गेला," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने माझ्या कडेवरच्या नेटीचे पाय शालीत गुंडाळले. "जप गं तिला," म्हणाली, आणि तिच्या कपाळाऐवजी तिच्या मुठीचा मुका घेऊन पायऱ्या उतरली.

थंडी निघाली. नेटीची छाती आता ठणठणीत आहे. डॉक्टरांनी दोनदा तपासली. झोपेत श्वास थांबत नाही. रडून थकली की मात्र कडवं संपल्यासारखा मध्येच एक लांब दम घेते, आणि मग पुन्हा सुरू होते.

काल टॅलमेज गिरणीतून आला तो आधी पाळण्याकडे गेला. मुका घ्यायला तिच्या तोंडाजवळ वाकला आणि वास घेत तसाच राहिला.

"बाबांची तपकीर घरात कुठे आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तूच ठेवलीस ना त्यांच्या खिशात."

तो वाकलेलाच होता. नेटी त्याच्या तोंडावर श्वास सोडत शांत झोपली होती.