शेजारची पत्रिका

रिकामा कागद दिसला की बन्सीलाल नाना कासावीस होतात. धुळ्यातल्या त्यांच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापतात आणि गंधमुक्तीच्या, म्हणजे मयताच्या उत्तरकार्याच्याही. नानांचा चेहरा दोन्ही गिऱ्हाइकांसमोर सारखाच पडलेला, कारण कागद दोघांनाही लागतो. एका तावावर दोन पत्रिका शेजारी-शेजारी बसवणारा प्रोग्राम हवा, म्हणून त्यांनी मला जळगावहून बोलावून घेतलं.

काम सोपं होतं. संगणक वरून खाली छापत जातो, त्यामुळे दोन्ही मजकुरांच्या ओळी सुट्या करायच्या. डावीकडची पहिली ओळ, थोडी मोकळी जागा, मग उजवीकडची पहिली. असं खालपर्यंत. ज्याचा मजकूर आखूड, त्याला खाली कोऱ्या ओळी जोडायच्या.

आखूड मजकूर स्नेहलचा होता. नानांची ही पुतणी प्रेसमध्ये अक्षरजुळणी करायची, आणि स्वतःच्या लग्नपत्रिकेत काका-मामांची फौज नको म्हणून तिने घरात भांडण करून घेतलं होतं.

लांब मजकूर नरडाण्याच्या भिकाभाऊंनी आणला. त्यांच्या आईची, भिकुबाईंची, गंधमुक्ती होती. मुलं, सुना, जावई, नातवंडं. कुणी सुटलं नव्हतं. जाताना ते म्हणाले, "मायले लगननी भलती हौस व्हती. बठ्ठास्ना पहिले जाई बसे." लग्न कुणाचंही असो, म्हातारी सगळ्यांच्या आधी मांडवात.

लग्न आणि गंधमुक्ती एका तावावर कुणी छापत नाही. नाना म्हणाले, कापल्यावर कोणाला कळतंय. मीही हसलो.

भर दुपारी पहिला ताव निघाला. उजवीकडे भिकुबाईंच्या नावाची जागा कोरी. नाव डावीकडे, स्नेहलच्या पत्रिकेखाली, अगदी शेवटच्या कोऱ्या ओळीत.

जागा मोजण्यात चूक झाली असणार. मी ती दुरुस्त केली.

दुसऱ्या तावावर नाव एक ओळ वर होतं.

"आजींना वऱ्हाडात यायचंय वाटतं," स्नेहल म्हणाली आणि तिने मजकूर नव्याने टाइप केला. मी इतर पत्रिका घालून पाहिल्या. सगळ्या नीट छापल्या गेल्या. या दोघी शेजारी आल्या की नाव पुन्हा वर सरके. कोऱ्या ओळी संपल्या तेव्हा ते निमंत्रकांमध्ये शिरलं. तिथून स्नेहलच्या आईचं नाव गेलं. मग वडिलांचं. स्नेहल आता हसत नव्हती. तिने खुर्ची मागे घेतली होती. कूलर चालू असूनही खोलीत ओल्या सुती लुगड्याचा वास भरला होता.

"थांबव ना," ती म्हणाली.

मी बटणावरून बोट उचललं. मशीन थांबलं नाही.

पुढच्या तावावर भिकुबाई वधूच्या ओळीत होत्या. नाव ठसठशीत, मधोमध. शेजारी कडेला ढकललेलं स्नेहलचं नाव, आणि त्याची पहिली अक्षरं कागदाबाहेर गेलेली.

मी वायर उपटली.

नानांनी कागदाचा हिशेब आयुष्यात प्रथमच सोडला. दोन्ही पत्रिका दुसऱ्या प्रेसमध्ये, वेगवेगळ्या दिवशी छापून घेतल्या. दोन्ही निर्दोष निघाल्या. मी प्रोग्राम पुसून टाकला.

लग्न दोंडाईच्याला होतं. मांडवात उन्हं, बँड, मठ्ठ्याचे ग्लास. स्नेहल नवऱ्याशेजारी उभी होती. सुकलेली वाटली, पण नवरी मुलगी उपाशी असते म्हणून मी मनाची समजूत घातली. फोटोसाठी स्टेजवर रेटारेटी चालली होती. तरी दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती, आणि तिथे कुणीच पाऊल ठेवत नव्हतं.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं. हाताने खूण केली.

"नवरी बाहेर जातेय. मधल्या आजींना जरा सरकवा."

नवरदेव इकडेतिकडे बघू लागला. स्नेहलने बघितलं नाही.

"त्या नाही सरकत," ती हळूच म्हणाली, आणि स्टेजच्या कडेकडे आणखी एक पाऊल सरकली.