घराचा पाय

माझा नंबर एकेचाळीस होता. पहिल्या एसटीनं गोंदियाला पोचून साडेआठला नाव लिहिलं, आणि कंपाउंडरनं "इकतालीस, चलो" म्हणून हाक मारली तेव्हा दीड वाजला होता. आत मी किती मिनिटं होते ते मोजलं नाही. माझी वही डॉक्टरांनी उघडली नाही, एवढं मात्र नक्की.

वहीत मे महिन्याच्या अखेरपासूनच्या सगळ्या रात्री होत्या. तारीख, वेळ, कुठला पाय, किती मिनिटं. बीएस्सीला प्रॅक्टिकलचं जर्नल मी असंच लिहायचे.

"रात को पैर में गोला आता है, बस?"

"रोज येतो. तीनच्या सुमाराला. आधी डावी पोटरी, मग उजवी, मग परत डावी. कधी कधी चाळीस मिनिटं."

"ऐसे बारी बारी से नहीं आता."

"मला येतो."

त्यांनी रिपोर्ट भराभर उलटले. कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह, डॉपलर. "सब नॉर्मल. घर में टेन्शन है क्या? सास के साथ जमता है?"

मी वही पुढं सरकवली. त्यांनी मला दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं आणि तेवढ्यात फोन घेतला. फोन ठेवताना म्हणाले, "बायाँ पैर बाहर गिरता है तुम्हारा. चप्पल अच्छी पहनो. केला खाओ, पानी पियो. अगला."

हे तिसरे डॉक्टर. पहिल्यांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. दुसऱ्या बाई म्हणाल्या होत्या, बाळंतपणानंतर होतं असं. माझी टीना पाच वर्षांची आहे.

केळी घेतली आणि बसस्टँडवर आले. बसमध्ये उभं राहावं लागलं.

गोळा सगळ्यांनाच येतो, हे मलाही माहीत आहे. माझा वेगळा होता. बोटं खाली वळायची, चिखलात रुतवावीत तशी. टाच वर ओढली जायची. पोटरी दगड व्हायची, मग सुटायची, आणि सुटते न सुटते तोच दुसरा पाय. ऑगस्टमधल्या एका रात्री टीनाला कडेवर घेऊन मागच्या दारी नेत होते. पायरीवरच डावी पोटरी आवळली आणि मी तिच्यासकट खाली गेले. तिच्या हनुवटीला चार टाके पडले.

सासूबाई तेव्हा अंगणात येऊन उभ्या राहिल्या. टीनाला त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं.

"पोरगी आता माह्यापाशी निजन," त्या म्हणाल्या. "तुह्या पायाचा भरवसा नाही."

माझा नवरा हिमांशू दारात उभा राहून ऐकत होता. तो नागझिऱ्याच्या गेटावर जिप्सी चालवतो. पर्यटकांसमोर तोंड बंद होत नाही त्याचं, घरात उघडत नाही. त्या रात्रीपासून टीना पलीकडच्या खोलीत झोपू लागली. माझे पाय बरे झाल्याशिवाय ती मला परत मिळणार नव्हती. डॉक्टरांच्या दारात पाच पाच तास बसायचे ते यासाठी.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडं, आडवाटेला. हिमांशूचं घराणं कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचं. इथला लहान तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधला म्हणतात. तलावाचा मातीचा बांध, ज्याला इथं पार म्हणतात, आमच्या परसाच्या मागंच उभा आहे. पावसाळ्यात पाणी आमच्या छपराच्या वर असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला या गोष्टीनं झोप लागत नसे. पुढं सवय झाली.

दर उन्हाळ्यात, तलाव आटला की, पार दुरुस्त होते. प्रत्येक घराचा पारीवर ठरलेला तुकडा आहे, त्याच्या दोन टोकांना दगड रोवलेले. तिथली काळी माती भिजवून त्या घरच्या बाईनं ती पायानं तुडवायची. पुरुषाचा पाय चालत नाही. आमच्या घरातून चाळीस वर्षं सासूबाई धुरपताबाईच तुडवायला जात होत्या. या मेमध्ये त्यांचे गुडघे पुरते गेले होते. त्या म्हणाल्या, तू जा. मी म्हटलं, असं काही नसतं, जेसीबी कशाला आहे मग? त्यांनी परत विषय काढला नाही.

सप्टेंबरमध्ये वही चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार दिसते, आणि पारीवर चढून गेलं की तलावाच्या घाटाच्या पायऱ्या. मी रोज सकाळी टीनाला तिथून शाळेत नेते. ती पाण्यावर उरलेल्या पायऱ्या मोजते आणि मला सांगते. सहज म्हणून मी तो आकडाही वहीत लिहीत गेले होते. पंधरा पायऱ्या दिसत होत्या, तेव्हा गोळे सहा मिनिटं. नऊ पायऱ्या, अठरा मिनिटं. तीन पायऱ्या, एकेचाळीस मिनिटं. पाणी चढलं की मिनिटं चढत होती. एकही दिवस चुकला नव्हता.

मी तो आलेख काढला. हिमांशूला दाखवला.

"तू बीएस्सी झाली ना?" तो म्हणाला आणि जेवत राहिला.

आणखी एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही, पण बघत होते. सासूबाईंचे गुडघे सुधारत होते. मेमध्ये त्यांना उठवून बसवावं लागे. आता त्या घागर घेऊन पायऱ्या चढत होत्या.

गोंदियाहून आले त्या संध्याकाळी टीना माझ्या पायाशी बसून केळं खात होती. मी कपाटाखाली वाकून सँडल शोधत होते. तपकिरी, चांगल्या तळाची. एप्रिलमध्ये घेतलेली, एका लग्नात दोन दिवस घातलेली. मेपासून ती दिसली नव्हती.

"आजीनं पेरली ती," टीना म्हणाली.

"काय पेरली?"

"तुझी सँडल. पारीत. उगवन का गं आई?"

सासूबाई ओसरीवर शिंगाडे सोलत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"माझी सँडल कुठं आहे?"

"पारीत." त्यांनी वर बघितलं नाही.

"कशासाठी?"

"कायले म्हंजे? घराचा पाय द्याच लागते. बाई नाही गेली, तं तिचा जोडा द्या लागते. अंगचा, घातलेला."

"मला विचारलं का?"

"मले कोनी इचारलं होतं?" त्यांनी सालाचा काटा अंगठ्यातून उपटला. "चाळीस साल गोळे आले मले. रोज. म्या कोन्या डाक्टरच्या दारात नाही बसली."

"तुम्हाला माहीत होतं."

"तूच म्हने ना, काही नसते असं. मंग काऊन घाबरून राहिली?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे धानाच्या शेतावर असताना, मी सब्बल आणि खुरपी घेऊन पारीवर चढले. ऊन चांगलं होतं. खाली आमचं कौलारू छप्पर, दोरीवर टीनाचा फ्रॉक. दोन दगडांच्या मधोमध खणायला लागले. वरची माती भाजलेल्या विटेसारखी होती. हातभर खाली ती मऊ झाली. आणखी खाली ती कोमट होती.

सँडल एकमेकीला चिकटून, उभ्या माणसाच्या पायात असाव्यात तशा होत्या. पुढची टोकं पाण्याकडं.

मी त्या उपटल्या. पट्टे नवे होते, वरचं बक्कल चकाकत होतं. उलट्या केल्या. तळ उरले नव्हते. झिजून आरपार भोकं पडली होती, बोटांच्या जागी आणि टाचांच्या जागी. डावीचा तळ जरा जास्त गेला होता, बाहेरच्या कडेनं.

त्यांच्या खाली टायरची एक चप्पल होती, पानाइतकी पातळ. तिच्या खाली आणखी काहीतरी. मी ते बघितलं नाही, कारण खड्ड्यात पाणी जमायला लागलं होतं.

खड्डा मी मातीनं भरला आणि दडपला. सँडल घरी आणून चुलीत घातल्या.

त्या रात्री गोळा आला नाही. पाच महिन्यांनी मी सकाळपर्यंत झोपले.

मी टीनाला उचलून घेतलं, अंगणात दोनदा फिरवलं, आणि सासूबाईंना सांगितलं की आजपासून ती माझ्याजवळ झोपेल. त्या भांडतील म्हणून मी तयारीत होते. त्या भांडल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या होत्या आणि परसाकडच्या भिंतीकडं बघत होत्या.

भिंतीवर, जमिनीपासून वीतभर, ओल आली होती.

तिसऱ्या दिवशी ती कमरेएवढी झाली. परसातली माती पाय ठेवला की दबत होती. हिमांशू पारीवर जाऊन आला. आमच्याच तुकड्यातून पाझर होता. पंचायतीनं दोन ट्रॉली मुरूम टाकला. सकाळी तो खचलेला होता.

"परत ठेव जोडा," हिमांशू म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"तू तर मानत नाहीस."

"मानत नाही. ठेव."

"जाळली मी."

सासूबाई तीन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "जाळली?"

पारीखाली आमचं घर पहिलं. टीना त्या ओल्या भिंतीलगतच्या खोलीत माझ्या कुशीत झोपत होती. मी माझ्या रोजच्या चपला काढल्या, तीन वर्षं घातलेल्या, आणि स्वतःच्या हातानं पारीत ठेवल्या. टोकं पाण्याकडं. माती भिजवून वरून तुडवली. एवढं सगळं मी टीनासाठी केलं. गोळे येऊ देत. सवय होती मला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "पारीले नाही चालत. एकदा सोडवलेला पाय ते परत नाही घेत."

"मग?"

माझ्यामागं टीना उंबऱ्यावर बसून पाय हलवत होती.

त्यांनी तिच्याकडं बघितलेलं मी बघितलं. त्याच रात्री मी टीनाचे तिन्ही जोड गोळा केले. शाळेचे बूट, निळ्या चपला, आणि दिवाळीसाठी घेतलेली लाल सँडल, जी तिनं एकदाही घातली नव्हती. तिन्ही माझ्या लोखंडी पेटीत ठेवले, कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात ओवली. रोज शाळेच्या वेळी बूट काढायचे, आली की परत ठेवायचे. रोज मोजत होते. तीन जोड.

आणि भिंत वाळली. दोन दिवसांत, वरून खाली.

मी तीन वाजता जागी होऊन वाट बघितली. पाय गार, मोकळे. काही नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. सासूबाई चुकल्या होत्या, किंवा हे सगळंच माझ्या मनात होतं आणि ते तिसरे डॉक्टर बरोबर होते. मला त्यांचा राग आला नाही.

तिसऱ्या रात्री टीना झोपेत रडली.

"आई, पाय."

मी हात लावला. तिची एवढीशी पोटरी दगड झाली होती. बोटं खाली वळलेली. डावा. मग उजवा. मग डावा.

ती झोपेत फिरली होती. डोकं पायथ्याशी, पाय पारीकडच्या भिंतीला.

मुलांच्या डॉक्टरांकडं आमचा नंबर अडतीस होता. त्यांनी तिचा पाय दोनदा वाकवला.

"वाढीचं दुखणं. मोठी झाली की जाईल. कॅल्शियम देतो." मग तिची टाच हातात घेऊन ते थांबले. अंगठ्यानं दाबली. "अनवाणी फिरते का ही?"

"नाही."

"मग कुठं चालवता इतकं? हिला काय घालता पायात?"

"बूट. बाकीचे कुलपात आहेत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरनं नीट बघितलं.

घरी येऊन मी पेटी उघडली. किल्ली गळ्यातच होती. बूट, निळ्या चपला, लाल सँडल. तीन जोड, सगळे जागेवर. लाल सँडलला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

मी ती उलटी केली.

तळ झिजून आरपार झाला होता. डावीचा जरा जास्त, बाहेरच्या कडेनं.