पाचवा ठिपका

"हा आपला कागद नाही."

बाइंडर काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं, धोतराने पुसावं तसं ॲप्रनच्या टोकाने पुसलं आणि पुन्हा नकाशावर टेकवलं. नदीच्या मुखाचा नकाशा, दोनशे वर्षांपूर्वी हाताने रंगवलेला, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. जगात त्याची ही एकच प्रत. पाठीला नवा कागद डकवायचा म्हणून काकांनी तो गुरुवारी सकाळी प्लास्टिक फिल्मच्या पाकिटातून बाहेर काढला होता.

"हा छापलाय," काका म्हणाले. "भिंगाखाली नुसते दाणे आहेत. रंगाचा फराटा एक नाही."

संग्रहालयाच्या तळघरात त्या वेळी चौघं होते. विभाग सांभाळणाऱ्या मॅडम, बाइंडर काका, फोटो काढणारा दादा आणि त्याने काढलेले फोटो संगणकावर तयार करणारी त्याची सख्खी बहीण. दोघं एकत्र कामाला, म्हणून सगळं ऑफिस त्यांना दादा आणि धाकटी म्हणायचं.

मॅडम शांतपणे उठल्या, लोखंडी दार ओढून घेतलं आणि पोलिसांना फोन लावला. ते दार फक्त त्यांच्या कार्डाने उघडायचं. खोलीला खिडकी नव्हती. हवा आत ढकलणारं यंत्र छतात घरघरत होतं. रोजचाच तो आवाज धाकटीला आज पहिल्यांदा छातीवर बसल्यासारखा वाटला.

निरीक्षक आले तेव्हा साडेअकरा झाले होते. त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, खण उघडून पाहिले, मेमरी कार्डं लिफाफ्यात घातली. नकाशा मिळाला नाही. मग त्यांनी दादाला स्टुलावर बसवलं.

"नकाशा तुमच्याकडे कधी आला?"

"मंगळवारी सकाळी दहाला. मॅडमनी स्वतः आणून स्टँडवर ठेवला."

"उघडा?"

"पारदर्शक फिल्मच्या पाकिटात. बाहेर काढायचा नाही, असं सांगितलं होतं."

"फोटो किती काढलेत?"

"मॅडम म्हणाल्या, एक पुरे. मी आठ काढले."

"का?"

"उजेड कमी होता. या नकाशाला उजेड सोसत नाही, दोनच दिवे ठेव, असा हुकूम होता. एरवी मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, शंभरावर ठेवतो, त्या दिवशी बत्तीसशेवर न्यावा लागला. मग फोटो दाणेदार येतो. अशा वेळी मी एकाच जागेवरून आठ घेऊन ठेवतो. सवय आहे."

"नंतर नकाशा कुठे होता?"

"माझ्या खणात. तिजोरीखोलीतलं हवा कोरडी ठेवायचं मशीन दुरुस्तीला काढलंय, गुरुवारपर्यंत तुझ्याकडे राहू दे, असं मॅडम म्हणाल्या."

"खणाची किल्ली?"

"माझ्याकडे."

"दुसरी?"

"नाही."

निरीक्षकांनी वही मिटली. ती मिटण्याची पद्धत धाकटीला आवडली नाही.

मॅडमना विचारायला फारसं काही नव्हतं. त्या एकतीस वर्षं इथे होत्या. दर वर्षी प्रत्येक नकाशाची पाहणी करून, तिजोरीखोलीतच, फ्लॅश न वापरता त्याचे फोटो त्या स्वतः काढायच्या.

"कोणत्या कॅमेऱ्याने?"

"माझ्या. जुना आहे, पण मी त्याला कुणाला हात लावू देत नाही. माझ्या कपाटात असतो, कुलपात." त्यांनी दादाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगायला जड जातंय, साहेब. पण हे तुम्हाला कळेलच. सहा वर्षांपूर्वी याची वर्तमानपत्रातली नोकरी फोटोत फेरफार केल्यामुळे गेली. कुणी दारात उभं करत नव्हतं. मी घेतला."

दादा जमिनीकडे बघत राहिला. ते खरं होतं.

मग धाकटीची पाळी आली.

"तुमचं काम काय?"

"कॅमेऱ्यातून येते ती रॉ फाइल. ती कच्ची असते. तिला रंग, उजेड लावून, दाणे पुसून मी पक्की फाइल करते. दाणे म्हणजे नॉइज. दादाचे फोटो मीच करते, मॅडमच्या पाहणीचेही."

"मंगळवारचा फोटो?"

"मंगळवारीच करून दिला. नॉइज पूर्ण साफ करून हवा, असा मॅडमचा निरोप होता."

निरीक्षकांनी तो फोटो पडद्यावर लावायला सांगितला. काकांनी वाकून पाहिला. समुद्राचा भाग लोण्यासारखा गुळगुळीत होता. एक दाणा नाही.

"हा आपलाच दिसतोय," काका अवघडून म्हणाले.

"म्हणजे मंगळवारी नकाशा अस्सल," निरीक्षक म्हणाले. "गुरुवारी नकली. मध्ये तो एकाच खणात, आणि किल्ली एकाच माणसाकडे. गाडी मागवतो."

"अर्धा तास द्या," धाकटी म्हणाली.

"तुम्ही त्यांच्या बहीण आहात."

"म्हणूनच मागतेय. माझ्या मागे उभे राहा. मी काय करते ते बघा."

त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

लिफाफ्यातलं मंगळवारचं कार्ड निरीक्षकांनी स्वतःच्या हाताने लावलं. धाकटीने त्यातली पहिली रॉ फाइल उघडली आणि नॉइज साफ करणारी पट्टी शून्यावर आणली. गुळगुळीत समुद्र क्षणात रव्यासारखा झाला.

"मला मुलीने फोनचा टॉर्च लावायला शिकवलाय," निरीक्षक म्हणाले. "त्या बेताने समजावून सांगा."

"कमी उजेडात कॅमेऱ्याला ताणलं की असे दाणे येतात. पण ते एका जागी बसत नाहीत. प्रत्येक फोटोत वेगळीकडे पडतात. आठ फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली, की ते एकमेकांना खाऊन टाकतात. जे कागदावर आहे तेवढंच उरतं."

तिने आठही फाइली एकत्र केल्या. पडद्यावरचे दाणे विरत गेले, अर्धेअधिक नाहीसे झाले आणि थांबले.

बाकीचे गेले नाहीत.

तिने पुन्हा केलं. तेच दाणे, त्याच जागी. काकांनी भिंगाखालच्या नकली नकाशाची समुद्राकडची बाजू धरली, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "हेच आहेत, पोरी. या कोपऱ्यात खाली नऊ दाणे, वर दोन. हेच."

"म्हणजे हे कॅमेऱ्याचे दाणे नाहीत," ती म्हणाली. "कागदावर छापलेले आहेत. मंगळवारी स्टँडवर होता तोसुद्धा नकलीच होता. नॉइज पुसताना मी कागदाचे दाणेही पुसले, म्हणून पक्का फोटो अस्सल वाटला."

ती हे मोठ्या उत्साहाने बोलली होती. मग निरीक्षकांनी तिच्या भावाकडे पाहिलं.

"म्हणजे बदल फोटो काढण्याआधीच झाला. मंगळवारी मॅडम नकाशा ठेवून किती वेळ थांबल्या?"

"मी लगेच निघाले," मॅडम म्हणाल्या.

"आणि तुम्ही इथे एकटे होता."

"हो," दादा म्हणाला.

भावाच्या गळ्यातला फास सोडवायला गेलेल्या तिने तो आणखी एक पीळ आवळला होता. दादा सकाळपासून एकदाही तिच्याशी नजर मिळवत नव्हता. वर्तमानपत्रातलं प्रकरण झालं तेव्हाही तो महिनाभर असाच होता, आणि तेव्हा ते त्यानेच केलेलं होतं.

यंत्र घरघरत राहिलं. घड्याळात अठरा मिनिटं उरली होती.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिने उरलेले दाणे मोठे करून पाहायला सुरुवात केली. करड्या, निळसर दाण्यांत वरच्या समुद्रात एक लाल ठिपका होता. बारीक, फुलीच्या आकाराचा. त्याच्या खाली तिरक्या रेषेत आणखी दोन. चौथा दूर, डाव्या कोपऱ्याकडे.

ती खुर्चीत मागे टेकली. हे ठिपके तिच्या ओळखीचे होते. नात्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे तीळ ओळखावेत तसे.

"काका, नकाशावर हे लाल ठिपके आहेत?"

"आहेत. ते रंगाचे नाहीत."

"फिल्मचं पाकीट नकाशावर ठेवा आणि पेनाने त्यांच्या खुणा करा. माझ्या पडद्याकडे बघू नका. जेवढे सापडतील तेवढे."

काकांना सात-आठ मिनिटं लागली. दरम्यान तिने दुसरी फाइल उघडली. मग फिल्म पडद्यावर धरली आणि चित्र लहानमोठं करत दोन खुणा दोन ठिपक्यांवर बसवल्या. आणखी दोन आपोआप बसल्या. केसाइतकीही फट नाही.

"हा कशाचा फोटो?" निरीक्षकांनी विचारलं.

"दुसऱ्याच नकाशाचा. गेल्या वर्षीच्या पाहणीतला. मॅडमच्या कॅमेऱ्याचा." ती त्यांच्याकडे वळली नाही. "कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी पाटी असते. जुनी झाली की तिच्यातले काही बिंदू बिघडतात. अंधाऱ्या जागी जास्त वेळ फोटो घेतला की ते लाल उमटतात, नेहमी त्याच जागी. प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगळे. नकली नकाशा ज्या फोटोवरून छापला तो याच कॅमेऱ्याने काढलाय. दाणे आणि ठिपके, दोन्ही कागदावर छापले गेले."

मॅडम हसल्या. "अगं, माझ्या पाहणीचे फोटो तीन वर्षं तुझ्याच संगणकावर येतायत. कच्चे, ठिपक्यांसकट. छापायला तुम्हा दोघांइतकं सोयीचं कुणाला आहे?"

निरीक्षकांनी भुवया उंचावल्या. मुद्दा बरोबर होता.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "पण मॅडम, तुमच्या कॅमेऱ्यात ठिपके येतात हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मॅडम गळ्यातलं कार्ड चाचपू लागल्या.

"मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचं वाईट दिसायला नको म्हणून मी ते दर वेळी मुकाट्याने पुसत आले. तुमच्या हातात तीन वर्षं स्वच्छ फोटो पडले. मी किंवा दादाने नकली प्रत केली असती, तर आधी ते ठिपके पुसले असते. ते तसेच छापणारं माणूस एकच. ज्याला ते आहेत हेच माहीत नव्हतं."

"हा पुरावा नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही," निरीक्षक म्हणाले. "पण बोला."

"काका, तुम्हाला खुणा किती सापडल्या?"

"पाच."

सगळे फिल्मकडे वळले. चार खुणांखाली चार ठिपके होते. पाचवी, उजव्या कडेला, पडद्यावरच्या कोऱ्या जागेवर लोंबत होती.

"माझ्याकडे आलेल्या सगळ्या फाइलींत चारच आहेत," ती म्हणाली. "गेल्या वर्षीच्या शेवटच्या फाइलीतही. पाचवा बिंदू त्यानंतर बिघडला असला, तर ज्या फोटोवरून हे छापलं तो मला कधी मिळालेलाच नाही. साहेब, तो कॅमेरा आणायला सांगा. लेन्सचं झाकण काढू नका. झाकणासकट तीस सेकंदांचा फोटो घ्या."

"तो खाजगी आहे," मॅडम म्हणाल्या.

"किल्ली द्या," निरीक्षक म्हणाले.

कपाटातला कॅमेरा आणून निरीक्षकांनी झाकणासकट बटण दाबलं आणि तीस सेकंद मोजले. शटर मिटल्याचा खटका झाला. निरीक्षकांनी कार्ड आणून तिच्यापुढे ठेवलं. पडदा काळाकुट्ट झाला. धाकटीने उजेड वाढवला, फिल्म टेकवली.

पाच खुणा. पाच लाल ठिपके.

निरीक्षकांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. "आता सलग सांगा."

"मॅडमनी या वर्षी तिजोरीखोलीत आपल्या कॅमेऱ्याने नकाशाचा फोटो काढला आणि कॅमेऱ्यातून निघाला तसाच छापून घेतला. कच्ची फाइल पक्की करायची तर माझ्याकडे यावं लागलं असतं. मंगळवारी नकली प्रतच त्यांनी स्टँडवर ठेवली. दादाच्या डोळ्याला दाणे दिसू नयेत म्हणून दोन दिवे आणि फिल्मचं पाकीट. फोटोत दिसले तर ते कॅमेऱ्याचे वाटावेत म्हणून तोच कमी उजेड. मग माझ्याकडून पुसून घेतले, म्हणजे मंगळवारी नकाशा अस्सल होता असा कागदोपत्री दाखला तयार. मशीनचं निमित्त करून दोन दिवस तो दादाच्या खणात ठेवला. दादाचा इतिहास त्यांना ठाऊक होता. त्यांनी एकच फोटो काढायला सांगितला होता. त्याने आठ काढले."

"अस्सल कुठे आहे?" निरीक्षकांनी मॅडमना विचारलं.

त्यांनी लोखंडी दाराकडे पाहिलं. "वर, शनिवारी बाहेरच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या नकाशांच्या पेटीत. तिसऱ्या नकाशाच्या पाठीमागे."

"कुणासाठी?"

"एक संग्राहक आहेत. स्वतःचं संग्रहालय काढतायत. मला तिथे वरच्या मजल्यावर खोली देणार होते." त्यांनी कार्ड गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. "एकतीस वर्षं मी दिवसाउजेडी जेवलेली नाही. तुम्हाला हसू येईल. त्या खोलीला तीन खिडक्या आहेत."



निरीक्षकांनी त्या कार्डाने दार उघडलं आणि मॅडमना पुढे घालून ते वर गेले. पेटी उघडायची म्हणून काका घाईघाईने त्यांच्या मागे. दार सताड उघडं होतं. जिन्यातून माणसांचे, बाहेरच्या गाड्यांचे आवाज येत होते, तरी दादा स्टुलावरून उठला नाही.

"चल," धाकटी म्हणाली.

"एक विचारू?" त्याने सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी केलं असेल असं तुला वाटलं होतं?"

तिला नाही म्हणता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "आठ फोटो एकत्र केले, त्यानंतर. पाच-सहा मिनिटं."

दादाने मान हलवली. स्टँडचे दिवे एकेक करून बंद केले, वायर गुंडाळली, कॅमेऱ्याचा पट्टा घडी घालून ठेवला.

"घरी आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"काय, पोलीस आले होते ते?"

"ते सांग. ही पाच-सहा मिनिटं नको."