हिरव्या पुडीचा पहारा

"गैरहजर म्हणे! मी! खुर्चीत बसून पडद्यासमोर घसा फोडत होते, आणि यांनी लिहून टाकलं, गैरहजर!"

श्वे युएश्यानं घरातल्याच आपल्या छोट्या दुकानात माशाच्या पेजेत डाव असा आपटला की चार थेंब यौ सूच्याओच्या बाहीवर उडाले. सूच्याओनं ते निमूट पुसले. ती तैवानमधल्या ताइनानच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेली, पण गल्लीत तिला अजून सगळे पोलीसबाईच म्हणतात. आणि युएश्याच्या तोंडी लागायचं नाही, हे पोलिसांनाही कळतं.

बिल्डरला आमची आख्खी गल्ली पाडून तिथं टोलेजंग इमारत उभी करायची होती. सगळ्यांनी संमतीच्या सह्या दिल्या. युएश्यानं नाही दिली. हरकतींची सुनावणी शहराची समिती संगणकावरून घेत होती. पहिल्या वेळी युएश्याचं बोलणं अर्ध्यात तुटलं. दुसऱ्या वेळी तर नाव पुकारायच्या आधीच चित्र गोठलं. आज दुपारी दोन वाजता शेवटची सुनावणी होती. आजही गैरहजर ठरली, तर हरकत बाद आणि घर गेलंच.

"माझ्या घरून बोल ना," सूच्याओ म्हणाली.

"माझ्या घरासाठी भांडायला मी दुसऱ्याच्या घरी जाऊ? मुळीच नाही! कोण माझं तोंड बंद करतंय ते तू शोध. बाकीचं मी बघते."

सूच्याओनं वाडगा खाली ठेवला आणि मागच्या खोलीत गेली.

खोली कसली, दोन पावलांची अडगळ. निळ्या चुन्याची भिंत, तिला लागून टेबल, टेबलावर पडदा आणि संगणकाचा काळा डबा. डब्याच्या पाठीमागं बोटाएवढी अँटेना. डब्यावर, आमच्याकडं सगळ्यांच्याच असते तशी, नारळाच्या चवीच्या मक्याच्या खाऊची हिरवी पुडी. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून.

"मालिका बघतेस यावर?"

"रोज. दुपारी दोनचीच तर असते."

"तेव्हा अडकते?"

"कधीच नाही. माझ्या सुनावणीलाच बरोबर कसं अडकतं? राउटर बदलून झाला. मेकॅनिक म्हणाला, सगळं ठणठणीत आहे. ठणठणीत असतं तर मी गैरहजर कशी?"

टेबलाखाली डोकावताना सूच्याओचा खांदा डब्याला लागला आणि पुडी खाली पडली. धप्प.

"अगं, हात लावू नकोस!" युएश्या किंचाळली. "दुसऱ्याच्या पुडीला हात लावतात का? आणि फुटली तर? फोडलेली चालत नाही, तारीख उलटलेली चालत नाही, ठाऊक नाही का तुला?"

"ठाऊक आहे. चुकून पडली." सूच्याओनं पुडी उचलून परत डब्यावर ठेवली. पुडीच्या एका अंगाला निळसर पूड लागली होती. "छान मोठी आहे. कुठून आणलीस?"

"चोंगयीनं आणली. माझा भाचा. संगणकाचं सगळं तोच बघतो. पहिल्या सुनावणीच्या दिवशी घेऊन आला, गुणी आहे पोरगा."

सूच्याओ दाराकडं वळली. ती शेजारच्या थंड चहाच्या दुकानात गेली.

चहावाला त्साइ प्लास्टिकच्या पेल्यांवर यंत्रानं झाकणं चिकटवत होता. यंत्र दणादण चालत होतं.

"त्साइ, दोन वाजता हे चालू असतं?"

"रोज असतं, बाई. दुपारी तर रांग लागते."

"तुझ्या यंत्रामुळं तर युएश्याचं बोलणं तुटत नाही ना?"

"अरे वा! आणि तिची मालिका तुटत नाही? भिंतीपलीकडून सगळी रडारड मला ऐकू येते!" त्साइ भडकला. "मी सही दिली, खरंय. पण म्हणून म्हातारीची तार कापीन होय? आणि तिचं इंटरनेट बिनतारी, तारच नाही, तर कापू काय, माझं डोकं?"

सूच्याओला हसू आलं. त्साइचा मुद्दा मात्र बिनतोड होता.

दुपारी चोंगयी पेरूची पिशवी घेऊन आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

"आत्या, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? माझ्या फोनवर बघ, तुझ्याच राउटरची इथं फुल रेंज. तुझं हे डबडंच म्हातारं झालंय."

"मी पण म्हातारी झालेय. मला फेकतोस का?"

"काहीतरीच तुझं!" तो हसला आणि त्यानं हिरवी पुडी उचलली. "ही मागं ठेवतो, मागच्या वेळेसारखी. यंत्राची पाठ राखील." त्यानं पुडी डबा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत नीट दाबून बसवली.

सूच्याओची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर होती. मघापर्यंत रेंजच्या सगळ्या रेघा दिसत होत्या. आता एकच उरली.

"युएश्या, मालिकेचा कालचा भाग लाव बरं."

"आत्ता? सुनावणी तोंडावर आलीय!"

"लाव म्हणते ना."

मालिका लागली. नायिका सासूला काही सुनवायला गेली आणि तोंड वासून गोठली. सूच्याओनं पुडी फटीतून काढली. नायिका कडाकडा बोलू लागली. पुडी परत आत घातली. नायिका पुन्हा गप्प.

सूच्याओनं पुडी काढून हातातच ठेवली.

"राउटर चांगला आहे, म्हणून चोंगयीच्या फोनला रेंज आहे," सूच्याओ म्हणाली. "त्साइचं यंत्रही निर्दोष, नाहीतर रोजची मालिका अडकली असती. बिघाड फक्त या डब्यात, आणि फक्त सुनावणीला. मग सुनावणीच्या दिवशी इथं वेगळं काय असतं? पुडी डब्यावरून मागं जाते आणि सुनावणी झाली की परत वर येते. तिला भिंतीचा निळा चुना लागला होता, म्हणजे ती मागं दाबली गेली होती. बरोबर अँटेनेवर."

"मला काय माहीत, पुडीनं रेंज जाते?" चोंगयी म्हणाला. "मी चांगल्या मनानं ठेवली!"

"मग ती खुळखुळत का नाही? सकाळी पडली तेव्हा धप्प वाजली. मक्याचा खाऊ धप्प वाजत नाही. खालची शिवण बघ, उघडून परत चिकटवलीय. पुडीवर विश्वास असलेला माणूस फोडलेली पुडी यंत्रावर ठेवील? कधीच नाही. पण ज्याला ठाऊक आहे की आपल्याकडं पुडीला कुणी बोट लावत नाही, तो तिच्यात काहीही लपवील. मेकॅनिकनंसुद्धा हात लावला नाही."

"आत्या, ही बाई काहीही—"

युएश्यानं पुडी हिसकावली. क्षणभर तिचा हात अडला. आयुष्यात तिनं यंत्रावरची पुडी फोडली नव्हती. मग तिनं ती टराटरा फाडली.

आतून रेंज अडवणाऱ्या चकचकीत अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट दाबलेला गठ्ठा पडला.

"हे माझ्या दुकानातलं," ती हळूच म्हणाली. "मासे गुंडाळायचं."

चोंगयीनं गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला. "नव्या इमारतीत तळमजल्याचा गाळा मला देतो म्हणाले, आत्या. तुझी हरकत गेली तरच. तुलाही लिफ्ट मिळाली असती, आराम मिळाला असता. तुझ्या भल्यासाठीच—"

"माझं भलं मला विचारून करायचं!" युएश्याचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र कापला नाही. "मीच अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरानं मला गैरहजर केलं. परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं रे."

"मी जाऊ?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"कुठं जातोस? बस इथं. दोनदा माझं बोलणं तोडलंस ना? आता पुरतं ऐकूनच जायचं."

दोन वाजले. पडद्यावर समितीची माणसं आली. रेंजच्या सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. शेजारी त्साइनं यंत्र बंद केलं आणि भिंतीला कान लावला.

"हरकतदार श्वे युएश्या, उपस्थित आहेत का?"

युएश्यानं पदरासारखा आपला एप्रन सारखा केला आणि खुर्ची पुढं ओढली.

"उपस्थित!" ती म्हणाली. "आणि सही देणार नाही. का देणार नाही ते सांगते, मधे कुणी बोलायचं नाही."

मधे कुणीही बोललं नाही.